एकाच घरातला टीबी: एकाला सौम्य, दुसऱ्याला जहाल का?

पुण्यात राहणाऱ्या, माहेर ग्वाल्हेरचे असलेल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्यांच्या माहेरी आधी अण्णांना, म्हणजे वडिलांना, फुप्फुसाचा टीबी निघाला आणि वर्षाभरात दोघा भावांना. थोरला सहा महिने गोळ्या घेऊन खडखडीत बरा झाला. धाकट्याच्या उजव्या फुप्फुसात मोठी पोकळी पडली, खोकल्यातून रक्त आले, वजन ४३ किलोवर आले. निदान होण्याआधी चार महिने तो दुकानातून औषधे आणून घेत होता. आता त्याचे उपचार सुरू झाले आहेत. त्याला चार वर्षांची मुलगी आहे. ताई विचारतात, "रोग किती जोरात होणार हे जंतूच्या जनुकांवर ठरते असे वाचले. धाकट्याला वाईट जातीचा जंतू लागला का? जनुकांची तपासणी करून घ्यावी का?"

ताई, आधी तुमच्या घरापुरते सांगते. दोघांनाही अण्णांकडूनच लागण झाली असेल, तर दोघांच्या फुप्फुसात जंतू एकच आहे. मग दोघांमधला फरक जंतूच्या जनुकांच्या माथी मारता येत नाही. तो शोधायचा दोघांच्या शरीरात, श्वासातून किती जंतू आत गेले त्यात, आणि औषध सुरू व्हायला किती उशीर झाला त्यात. आपल्या देशात घराबाहेरूनही वेगळा जंतू लागू शकतो, ती शक्यता मी नाकारत नाही. पण "वाईट जातीचा निघाला" हे वाक्य मी लष्करमधल्या माझ्या दवाखान्यात सत्तावीस वर्षे ऐकते आहे, आणि बहुतेक वेळा त्या वाक्याआड दुसरेच काहीतरी दडलेले असते.

तरीही जंतूची जनुके काय करतात हा प्रश्न मोलाचा आहे. त्यावर नीटच लिहिते.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडला. त्याची संपूर्ण जनुकीय लिपी वाचून व्हायला १९९८ साल उजाडले. ४४ लाख ११ हजार अक्षरे, सुमारे चार हजार जनुके. ज्या जंतूची लिपी वाचली त्याचे नाव एच३७आरव्ही. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक इथे १९०५ मध्ये एका क्षयरुग्णाच्या थुंकीतून तो मिळवला होता आणि तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये त्याची पैदास चालू होती. १९३४ मध्ये त्याचे दोन वाण वेगळे केले गेले: प्राण्यांमध्ये रोग करणारा तो आरव्ही, न करणारा तो आरए. म्हणजे सख्खे भाऊच. दोघांच्या लिपीत बरेच फरक आहेत, पण त्यातला एक फार महत्त्वाचा आहे. फोपी नावाच्या जनुकात एक अक्षर बदलले आहे. हे जनुक मुकादमासारखे काम करते, दुसऱ्या अनेक जनुकांना कधी कामाला लागायचे ते सांगते. मुकादमच आजारी पडला, की पुढची फौज ढिली पडते. तेव्हा जनुकांमुळे मारकता बदलते का, याचे उत्तर निःसंशय हो असे आहे.

याहून बोलका दाखला तुमच्या-माझ्या दंडावर आहे. बीसीजीची लस. फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ मध्ये गाईच्या क्षयाचा जंतू घेतला. हा आपल्या जंतूचा अगदी जवळचा भाऊबंद. पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापावर त्यांनी तो वाढवला, आणि दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर हलवत राहिले. असे तेरा वर्षे, सुमारे २३० वेळा. बटाट्यावर आयते खायला मिळते, तिथे कोणाशी लढायचे नसते. लढाईची हत्यारे सांभाळणारे जंतू आणि टाकून देणारे जंतू तिथे सारखेच जगतात. १९२१ मध्ये लस पहिल्यांदा बाळाला दिली तेव्हा तो जंतू रोग करायचे विसरला होता. पण तो नेमके काय विसरला, हे कळायला १९९६ पर्यंत थांबावे लागले. नऊ जनुकांचा एक सलग तुकडा त्याच्या लिपीतून गळून गेला होता. त्या तुकड्याला आरडी-१ म्हणतात.

तो तुकडा करतो काय? टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांत पोहोचला की आपली भक्षक पेशी त्याला गिळते. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, आणि पचनाचे आम्ल असलेली दुसरी पिशवी येऊन तिला मिळाली की तो मरायला हवा. इथेच टीबीचा जंतू वेगळा ठरतो. काही जनुकांच्या जोरावर तो या दोन पिशव्यांची गाठच पडू देत नाही. आरडी-१ मधली जनुके एक सुईसारखे यंत्र बनवतात, त्यातून इसॅट-६ नावाचे प्रथिन बाहेर पडते, आणि त्या यंत्राच्या जोरावर पिशवीचे आवरण फाटते. जंतू पेशीच्या मुख्य भागात शिरतो, पेशी मरते, त्याला आवरायला आलेल्या नव्या पेशी त्याच सापळ्यात सापडतात. बीसीजीकडे ही सुई नाही, म्हणून तो पिशवीतच राहतो. प्रयोगशाळेत हा तुकडा बीसीजीला परत दिला तर त्याची मारकता वाढते. मात्र पूर्ण जंतूइतकी नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा. एकाच जनुकावर हा रोग उभा नाही.

याचा उपयोग तुमच्या घरालाही आहे, म्हणून जाता जाता सांगते. बीसीजी घेतलेल्या माणसाची जुनी त्वचा-चाचणी, म्हणजे मांटू, लसीमुळेही फुगू शकते. नवी सी-टीबी चाचणी किंवा रक्तातली इग्रा चाचणी ही बीसीजीने हरवलेल्या जनुकांच्याच प्रथिनांवर बेतलेली आहे. त्यामुळे लसीची खूण आणि खरी लागण यांची गल्लत होत नाही.

बाकीची हत्यारे भराभर सांगते. जंतूच्या अंगावर मेणाचा जाड थर असतो. त्यातले पीडिम नावाचे मेण जंतूच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा झाकते. ते बनवणारी जनुके बिघडली की उंदरात जंतू दुबळा पडतो. काही जनुके आपल्याच पेशीतले कोलेस्टेरॉल आत ओढून त्यावर जगायची सोय करतात. डॉस-आर हे जनुक प्राणवायू कमी झाला की सुमारे ४८ जनुकांना जागे करते आणि जंतू स्वतः झोपी जातो. आपल्यातल्या असंख्य लोकांच्या फुप्फुसात असा निजलेला जंतू जन्मभर काही न करता पडून असतो. २००३ मध्ये एकेक जनुक बिघडवून उंदरात कोण टिकतो हे तपासले, तेव्हा शरीरात वाढण्यासाठी खास लागणारी १९४ जनुके निघाली. म्हणून "टीबीचे जनुक सापडले" अशी बातमी वाचली की मी तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

आता पोकळीबद्दल. धाकट्या भावाच्या फुप्फुसात पडलेली ती पोकळी जंतूने कुरतडून केली असे आपल्याला वाटते. खरे तसे नाही. कॉलराच्या जंतूसारखे जहाल विष हा जंतू ओतत नाही. पेशीला आतून मारणारे एक विष त्याच्याकडे आहे, पण फुप्फुसाचे कोलॅजन, म्हणजे त्याच्या भिंतीतले बळकट धागे, विरघळवणारी विकरे (एन्झाइम) प्रामुख्याने आपल्याच पेशी सोडतात. जंतूला घेरायला निघालेली आपली फौज स्वतःच्या घराची भिंत पाडते. मधला भाग दह्यासारखा, खरे तर चक्क्यासारखा, मऊ होतो, तो श्वासनलिकेत फुटतो, थुंकीवाटे बाहेर पडतो आणि मागे पोकळी उरते. तिच्यात हवा खेळते आणि जंतूंची संख्या कोट्यवधींवर जाते.

मी शिकत होते तेव्हा एक बाई दाखल झाल्या होत्या. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती जवळजवळ संपलेली. काचेवर त्यांच्या थुंकीचा थर रंगवून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी काड्यांची नुसती रांगोळी. मग त्यांच्या छातीचा एक्स-रे दिव्यावर लावला, तर तो जवळजवळ स्वच्छ. एकही पोकळी नाही. माझ्या शिक्षकांनी तेव्हा विचारले, "भिंत पाडायला माणसेच नाहीत, तर भिंत पडणार कशी?" बाई वाचल्या नाहीत. जंतू सर्वदूर पसरला होता, पण पोकळी पडायला जी प्रतिकारशक्ती लागते तीच त्यांच्याकडे उरली नव्हती. रोगाची तीव्रता जंतूच्या मारकतेने मोजता येत नाही हे मी त्या दिवशी शिकले.

याच्या जोडीला एक शोध ठेवते. तो मला आजवरचा सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. बहुतेक जंतू आपल्या प्रतिकारशक्तीला ओळखू येणारे स्वतःचे भाग सारखे बदलत राहतात, म्हणजे पकडले जाणार नाहीत. २०१० मध्ये जगभरातल्या टीबीच्या जंतूंच्या लिपी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा याच्या उलट निघाले. आपल्या टी-पेशी ज्या भागांना ओळखतात, नेमके तेच भाग या जंतूने पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे जपलेले आहेत. याचा मी लावते तो अर्थ असा: आपण ओळखावे, चिडावे, भिंत पाडावी, हे त्याच्या सोयीचे आहे. पोकळी पडल्याशिवाय तो खोकल्यातून दुसऱ्याच्या छातीत फारसा जात नाही.

जंतूची घराणी वेगवेगळी असतात हेही खरे. दक्षिण भारतात पहिले घराणे जास्त, आपल्याकडे उत्तरेत तिसरे, चीनच्या बाजूला दुसरे म्हणजे बीजिंग, युरोप-अमेरिकेत चौथे. बीजिंग घराण्यातला ह्यूस्टन शहरात सापडलेला एक वाण उंदरांना फार लवकर मारतो. त्याच्याकडे एक खास मेण असते, जे चौथ्या घराण्याने एका जनुकातली सात अक्षरे गमावल्यामुळे हरवले आहे. सगळ्यांना वाटले, कोडे सुटले. मग ते मेण एच३७आरव्हीला देऊन पाहिले, तर तो काही जास्त मारक झाला नाही. उलट दाखलाही आहे. केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवर १९९४ ते १९९६ मध्ये एका वाणाने आसपासच्या कितीतरी लोकांना लागण केली आणि त्याला अतिमारक म्हटले गेले. प्रयोगशाळेत तो तसा निघालाच नाही. तो प्रतिकारशक्तीला जोरात डिवचत होता, म्हणून त्वचा-चाचण्या मोठमोठ्या फुगत होत्या. माझ्यापुढे बसलेल्या रुग्णाच्या जंतूचे घराणे कळले तरी माझी चिठ्ठी बदलत नाही.

उपचाराची चिठ्ठी सोडून नुसता निसर्गाचा प्रयोग पाहायचा असेल तर जर्मनीतल्या ल्यूबेकचा पाहा. १९३० च्या सुमारास तिथे २५१ बाळांना तोंडावाटे बीसीजी दिली, आणि तिच्यात चुकून रोगकारक जंतू मिसळला गेला होता. सत्तरहून जास्त बाळे दगावली. पण उरलेल्यांपैकी बहुतेक, त्यातली पुष्कळशी आजारी पडूनही, वाचली. तेव्हा टीबीवर एकही औषध नव्हते. जंतू सर्वांना एकच. लसीच्या वेगवेगळ्या घोटांत जंतू किती होते यावर बरेचसे ठरले, बाकीचे बाळाच्या शरीरावर. त्या बाळांचा विचार आला की अजूनही मन थांबते.

आपल्या भागातलेही सांगते. ग्वाल्हेरच्या नैऋत्येला श्योपूर आणि शिवपुरीकडे सहारिया आदिवासी राहतात. श्योपूर जिल्ह्यातल्या सहारियांच्या तपासणीत, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, मोठ्या माणसांत एक लाखात १५१८ जणांना फुप्फुसाचा टीबी होता. देशाच्या सर्वेक्षणात हा आकडा तीनशेहून थोडा जास्त येतो. "त्यांच्यातला जंतूच वेगळा" असे इथे पुष्कळांकडून ऐकले आहे, शिकलेल्यांकडूनही. मी त्या वस्त्यांमधले रुग्ण पाहते. चाळीस किलोच्या आतला पुरुष, झोपडीत चुलीचा धूर, दिवसभर दगडाच्या खाणीतली धूळ. खाणीतली सिलिकाची धूळ भक्षक पेशींनाच जायबंदी करते, म्हणजे पहिल्या दरवाजावरचा पहारेकरीच आंधळा होतो. घाटीगाव आणि बिलौआकडच्या खाणी-क्रशरवरून आलेल्या माणसाला खोकला किती दिवसांचा हे विचारण्याआधी मी दगडाचे काम किती वर्षे केले ते विचारते. जंतूकडे बोट दाखवण्याआधी ताटाकडे पाहायला हवे, हे माझे ठाम मत आहे, आणि त्याला आधारही आहे. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या कुटुंबांना दर महिन्याला धान्य-डाळ दिली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्या घरांतले नवे टीबीचे रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी आणि थुंकीत जंतू सापडणारे जवळजवळ निम्म्याने कमी झालेले दिसले. जंतू तोच होता आणि त्याची जनुकेही तीच.

तुमच्या धाकट्या भावाची साखर तपासली आहे का? मधुमेहात टीबी होण्याचा धोका दोन-तीन पट होतो, आणि चाळिशीच्या आतल्यांत ती साखर कोणी तपासतही नाही. एचआयव्हीची तपासणीही झालेली असावी, त्यात कमीपणा नाही. तंबाखू, दारू, कामाच्या जागेची धूळ याची चौकशी करा. आणि ते चार महिने. दुकानातून आणलेल्या औषधांत लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर आधीची पट्टी शोधून डॉक्टरांना दाखवा. या औषधाने टीबीचा जंतू अर्धवट दबतो, आठवडाभर बरे वाटते, निदान लांबते, आणि त्याच गटातली पुढची औषधे बोथट होण्याची भीती असते. टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला अठरा-वीस तास घेतो, जुलाबाच्या एखाद्या जंतूसारखी वीस मिनिटे नाही. म्हणून रोग सावकाश चालतो. पण चार महिने हा त्याच्यासाठीही भरपूर वेळ आहे. दोघा भावांमधल्या फरकाचे निम्मे उत्तर मला इथेच दिसते.

आता जनुकांची तपासणी. एक तपासणी अशी आहे की तिच्यावाचून मी कोणाचेही उपचार पुढे नेत नाही. थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रात घातली की दोन-एक तासांत कळते की आरपीओबी नावाच्या जनुकात बदल आहे का. त्या जनुकातल्या फक्त ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झाला की रिफाम्पिसिन हे मुख्य औषध निकामी होते. पण या साध्या तपासणीत आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचे कळत नाही. त्यासाठी केटजी आणि इनएचए ही जनुके पाहणारी एलपीए तपासणी लागते. रिपोर्टवर "रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह" एवढे वाचून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

औषधाला न जुमानणारा जंतू अंगाने जास्त मारक असतो असे नाही. कित्येकदा तो जरा मंदच वाढतो. रोग जहाल होतो, कारण आपण चुकीचे औषध देत बसतो आणि पोकळी वाढत राहते. जंतूची जनुके रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरतात ती इथे. आज अशा अनेक रुग्णांसाठी सहा महिन्यांचा, इंजेक्शनाशिवायचा बीपाल्म उपचार देशात उपलब्ध आहे. काही वर्षांपूर्वी याच रुग्णांना मी दीड-दोन वर्षे गोळ्या आणि कानांवर परिणाम करणारी इंजेक्शने देत होते.

संपूर्ण लिपी वाचणारी तपासणीही होते. टीबीच्या जंतूची लिपी फार हळू बदलते, दोन वर्षांत सरासरी एखादे अक्षर. दोघांच्या जंतूंत पाचपर्यंत अक्षरांचा फरक असेल तर लागण एकाकडून दुसऱ्याला झाली असे मानतात, बारापेक्षा जास्त असेल तर नाही. तुमच्या दोघा भावांना एकच जंतू लागला का, हे त्यातून कळेल. पण त्यावर खर्च करू नका. त्याने धाकट्याचे औषध बदलणार नाही. तो खर्च अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध यावर करा, आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला मिळणारे हजार रुपये त्याच्या खात्यात येतात का ते पाहा.

राहिली चार वर्षांची मुलगी. पाच वर्षांखालच्या मुलांत टीबी मेंदूपर्यंत किंवा अंगभर पसरायला वेळ लागत नाही, म्हणून मला तुमच्या भावापेक्षाही तिची काळजी जास्त आहे. तिला ग्वाल्हेरमध्ये कंपूवरच्या जयारोग्य रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी टीबी केंद्रात याच आठवड्यात न्या. आधी तिला रोग नाही ना हे पाहतील. नसेल तर प्रतिबंधक औषध देतील, सहा महिने रोज किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा. कोणते द्यायचे हे तिच्या बाबांच्या जंतूवर कोणती औषधे चालतात यावर ठरेल. म्हणून जाताना भावाचा सीबीनॅटचा कागद सोबत न्या, एलपीएचा आला असेल तर तोही, आणि आला नसेल तर त्याची थुंकी एलपीएसाठी गेली आहे का ते तिथेच विचारा. मुलीचे गेल्या वर्षभरातले वजन कुठे लिहून ठेवले असेल तर तेही घ्या.